बघून नव्हे, मोजून शिका : घरबसल्या इलेक्ट्रॉनिक्सचे पहिले तीन धडे



आपल्या गावांतली बरीच तरुण मुले आज ठाणे-कल्याणच्या बाजूला कामधंद्याला आहेत. कोणी महाप्याला, कोणी तळोज्याला, कोणी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत. शीळफाट्याच्या आसपास चौघांनी मिळून खोली घ्यायची, पाळीप्रमाणे कामावर जायचे आणि सणावाराला गावी यायचे, असा त्यांचा क्रम. अशी मुले सुट्टीत भेटली की एक प्रश्न हटकून येतो. "काका, इलेक्ट्रॉनिक्स शिकायचंय. क्लासला वेळ न्हाई, पैसा न्हाई. फोनवर सगळं फुकट हाय म्हणत्यात. सुरुवात कुठनं करू?" गावात शेती सांभाळणारी मुले आणि दहावी-बारावीच्या मुलीही हेच विचारतात. तेव्हा दोघांसाठी मिळून हा पाठ लिहिला आहे.

ज्यांनी शीळफाटा पाहिला आहे त्यांना आमचे म्हणणे चटकन कळेल. एक रस्ता मुंब्र्याकडून येतो, एक कल्याण-डोंबिवलीकडून, एक महाप्याकडे उतरतो आणि एक कळंबोली-पनवेलकडे जातो. ज्याला कुठे जायचे ते ठाऊक आहे, त्याला हा फाटा सोयीचा. ज्याला ठाऊक नाही, तो ट्रकांच्या गर्दीत धूळ खात उभा. फोनवरच्या शिक्षणाचे तंतोतंत असेच आहे. एका चित्रफितीत दिवा लावतात, दुसरीत यंत्रमानव, तिसरीत म्हणे फुकटची वीज. महिनाभर रोज दोन तास पाहिले तरी शेवटी हातात काय? काही नाही. पोहण्याच्या शंभर चित्रफिती पाहून विहिरीत उडी मारणाऱ्याचे जे होईल, तेच.

म्हणून आमचे सांगणे एकच. इलेक्ट्रॉनिक्स बघून येत नाही, मोजून येते. फोन रस्ता दाखवील, पण चालायचे हाताने आणि मोजायचे मीटरने.

हे शिकून उसाला काय मिळणार?

रास्त प्रश्न आहे. पूर्वी शेतावर वीज म्हणजे एक मोटार, एक स्टार्टर आणि डीपी. आता तसे राहिलेले नाही. मोबाइलवरून मोटार चालू-बंद करणारी पेटी आली. तीनपैकी एक फेज गेला तर मोटार जळू नये म्हणून तोडणारे यंत्र आले. सौरपंप आला, त्याचा कंट्रोलर तर सगळाच इलेक्ट्रॉनिक. ठिबकच्या व्हॉल्व्हची वेळ लावणारे घड्याळ आले, मातीतला ओलावा सांगणारी कांडी आली. आणि गाडी कारखान्यात आली की जिच्यावर आपले वर्षाचे बिल ठरते, तो वजनकाटाही इलेक्ट्रॉनिक.

शेतीपंपाची वीज अजूनही बऱ्याच ठिकाणी पाळीने येते, कधी रात्री. अशा वेळी पेटी बंद पडली, मिस्त्री चार दिवस आला नाही आणि ऐन उन्हाळ्यात पाण्याची पाळी चुकली, तर टनेज कुठे जाते हे आपल्याला कोणी सांगायला नको. प्रत्येकाने मिस्त्री व्हावे असे आम्ही म्हणत नाही. पण बिघाड बॅटरीत आहे, तारेत आहे की पेटीत, एवढे मोजून सांगता आले तरी मिस्त्रीची एक फेरी वाचते आणि आपली फसवणूक टळते.

धड्याआधीचा नियम : घरच्या विजेला हात लावायचा नाही

सर्व धडे ९ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर करावेत. घरातली वीज २३० व्होल्टची, आणि पंपाच्या दोन फेजमध्ये ती चारशे व्होल्टच्या घरात जाते. त्यावर प्रयोग नाही म्हणजे नाही.

कारण समजून घ्या. एक छोटा लाल एलईडी सुमारे १५ मिलिअँपिअर प्रवाहावर चांगला पेटतो. असे चार-पाच एलईडी पेटतील एवढाच प्रवाह घरच्या विजेतून छातीत शिरला, तर माणसाचे हृदय बंद पडू शकते. घरात बसवतात तो जीवरक्षक आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीला तुटतो, तो याचसाठी. ९ व्होल्टला एवढा प्रवाह कोरड्या कातडीतून ढकलण्याचा जोर नसतो. २३० व्होल्टला असतो, आणि पाय ओल्या पाटात असले तर विचारायलाच नको.

फोनवर बंद पडलेला एलईडी बल्ब उघडून दुरुस्त करण्याच्या चित्रफिती फार लोकप्रिय आहेत. त्यांच्या वाटेला नवख्याने जाऊ नये. स्वस्त बल्बच्या आतली पट्टी सरळ घरच्या विजेला जोडलेली असते. चार्जरमधल्या कपॅसिटरमध्ये तर प्लग काढल्यावरही काही वेळ वीज साठून राहते. स्टार्टर, चार्जर, बल्ब आणि सौरपंपाची पेटी या चार वस्तू शिकणाऱ्याने उघडू नयेत. सौरपंपाची पेटी उघडली तर हमीही जाते, ते वेगळेच.

सामान काय लागेल?

पहिल्या दोन धड्यांना लागणारे सामान असे :

१) साधा डिजिटल मल्टिमीटर. दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळतो. बॅटरीच्या कामाला तो पुरेसा आहे, घरच्या विजेवर मात्र वापरू नये.
२) ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची टोपी.
३) ब्रेडबोर्ड, म्हणजे भोकाभोकांची पांढरी पट्टी. यात डाग न देता जोडणी करता येते. मधल्या खाचेच्या प्रत्येक बाजूला एका ओळीतली पाच भोके आतून जोडलेली असतात.
४) लाल एलईडी ५.
५) पाव वॅटचे रेझिस्टर : ४७० ओहम, १ किलोओहम आणि १० किलोओहम, प्रत्येकी ५.
६) बीसी५४७ ट्रान्झिस्टर ५.
७) जोडतारा आणि एक दोनशे पानी वही.

शीळफाट्याकडच्या मुलांनी मुंब्रा किंवा दिवा स्टेशनवरून दादरला जावे, तिथे पश्चिम रेल्वेची गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावे आणि लॅमिंग्टन रोड विचारावा. त्याचे आताचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. अख्खा रस्ता याच सामानाचा. रविवारी बरीच दुकाने बंद असतात, तेव्हा सुट्टी बघून जावे. गावाकडच्यांना पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली जवळ पडेल. दुकानात लाजू नये. "पाव वॅटचे चारशेसत्तर ओहम, पाच द्या" एवढे म्हटले की माल हातात पडतो.

पाण्याच्या भाषेत वीज

व्होल्ट, अँपिअर आणि ओहम या तीन शब्दांना भिऊन पुष्कळजण पुस्तक मिटतात. आपल्याला भ्यायचे कारण नाही. आपण जन्मभर पाणीच खेळवत आलो आहोत.

उंच टाकीतल्या पाण्याला जोर जास्त. हा जोर म्हणजे व्होल्ट. पाइपातून मिनिटाला किती पाणी जाते, तो प्रवाह म्हणजे अँपिअर. पाइप अरुंद असला, व्हॉल्व्ह अर्धा मिटलेला असला की जो अडथळा होतो, तो ओहम. टाकी उंच केली तर प्रवाह वाढतो, अडथळा वाढवला तर घटतो. जर्मनीतल्या गेऑर्ग ओहम या शिक्षकाने १८२७ साली हाच हिशेब मांडला. व्होल्टला ओहमने भागा, अँपिअर मिळतील. तिसरी-चौथीचा भागाकार आहे, त्यापलीकडे काही नाही.

उपमा कुठे संपते तेही सांगून ठेवतो. पाइप फुटला तर पाणी वाहत सुटते. तार तुटली तर वीज थांबते. विजेला बॅटरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत परतीची पूर्ण वाट लागते. नवख्याचे पहिले दहा बिघाड बहुधा या तुटलेल्या वाटेचेच असतात.

धडा पहिला : एक दिवा आणि चार आकडे

बॅटरीच्या धन टोकापासून ४७० ओहमचा रेझिस्टर, त्यापुढे एलईडीचा लांब पाय, आणि आखूड पाय बॅटरीच्या ऋण टोकाला. रेझिस्टर ओळखायचा रंगांच्या पट्ट्यांवरून : पिवळी, जांभळी, तपकिरी आणि शेवटची सोनेरी. दिवा पेटेल. बहुतेक चित्रफिती इथेच संपतात, पण आपला धडा इथून सुरू होतो.

मीटर डीसी व्होल्टच्या २० च्या खुणेवर ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. नवी असेल तर ९.२ च्या आसपास आकडा येईल. मग एलईडीच्या दोन पायांवर मोजा, सुमारे १.९ येईल. मग रेझिस्टरवर, सुमारे ७.३. आता १.९ आणि ७.३ यांची बेरीज करा. बरोबर ९.२! टाकीतला जोर दोघांनी वाटून घेतला, हिशेब चोख.

चौथा आकडा काढायचा. ७.३ ला ४७० ने भागले की ०.०१५५ अँपिअर, म्हणजे साडेपंधरा मिलिअँपिअर. हा प्रवाह आपण मीटर न लावता, नुसत्या हिशेबाने काढला. आता ४७० च्या जागी १ किलोओहम लावा. लावण्याआधी वहीत लिहा, प्रवाह किती होईल? मग मोजा आणि ताडून पाहा. आकडा जुळला तर धडा आला. नाही जुळला तर का नाही, ते शोधण्यात दुसरा धडा आहे.

रेझिस्टर काढून एलईडी सरळ बॅटरीला लावला तर? व्हॉल्व्ह नसलेला पाइप. प्रवाहाला आवर राहत नाही आणि एलईडी जळून जातो. संगणक मिळत असेल तर टिंकरकॅड नावाच्या फुकट सोयीत हीच जोडणी पडद्यावर करून पाहावी. तिथे एलईडी फुटल्याची खूण येते आणि खिशाला तोशीस पडत नाही. पण पडद्यावरची तार कधी ढिली होत नाही, खरी होते. तेव्हा पडद्यावर पाहून झाल्यावर हाताने केलेच पाहिजे.

वहीची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. आपण उसाची लागण, बेणे, खताचा हप्ता आणि पाण्याच्या पाळ्या लिहून ठेवतो. तसेच इथे तारीख, अपेक्षित आकडा, मोजलेला आकडा आणि फरकाचे कारण, असे चार रकाने पाडावेत. रोज पाऊण तास पुरे.

धडा दुसरा : टाकी भरल्याची खूण

आता ट्रान्झिस्टर. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरात तो प्रथम चालला, आणि आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये असे अब्जावधी असतात. तो करतो काय? छोट्या चारीच्या पाण्याने मोठ्या पाटाचे दार उघडावे, तसे काम करतो. बेस नावाच्या पायात इवलासा प्रवाह सोडला की कलेक्टरकडून एमिटरकडे त्याच्या शंभरपट किंवा त्याहून अधिक प्रवाह वाहू शकतो.

बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम लागतो. जोडणी अशी : एमिटर बॅटरीच्या ऋण टोकाला. बॅटरीच्या धन टोकापासून ४७० ओहम, मग एलईडी आणि त्याचा आखूड पाय कलेक्टरला. बेसला १० किलोओहमचा रेझिस्टर लावून त्याच्या दुसऱ्या टोकाला एक लांब तार जोडा. दुसरी लांब तार बॅटरीच्या धन टोकाला. दोन्ही तारांची टोके सोलून पेल्यात एकमेकींजवळ सोडा, पण ती एकमेकींना चिकटू देऊ नका. पेला रिकामा, दिवा बंद. विहिरीचे पाणी ओतत जा. पाणी दोन्ही टोकांना लागले की दिवा पेटेल. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, त्यांतून इवलासा प्रवाह वाहतो आणि ट्रान्झिस्टर तो वाढवतो. हाच पेला उद्या घरावरची टाकी.

पेटला नाही तर चिडू नका, मोजा. आधी बॅटरी मोजा. मग तारांची टोके पाण्यात असताना बेस आणि एमिटरमध्ये मोजा, ०.६ ते ०.७ आले पाहिजेत. शून्य येत असेल तर वाट अलीकडे तुटली आहे. बेसला आकडा ठीक आणि दिवा बंद, तर कलेक्टरकडची बाजू तपासा. बांधावर मोटार बंद पडली की हुशार वायरमन डीपीपासून एकेक टप्पा तपासत येतो ना? तीच रीत.

इथे फोनवर शिकणाऱ्यासाठी एक खड्डा आहे. परदेशी चित्रफितींत बहुधा २एन३९०४ हा ट्रान्झिस्टर असतो. त्याच्या पायांचा क्रम आपल्या बीसी५४७ च्या बरोबर उलट, म्हणजे एमिटर, बेस, कलेक्टर. चित्र पाहून बीसी५४७ तसाच बसवला की तो उलटा बसतो, अर्धामुर्धा चालतो किंवा चालतच नाही. मुलगा म्हणतो, दुकानदाराने खराब माल दिला. माल बरा असतो, क्रम चुकलेला असतो. नव्या भागाचा क्रमांक वाचून त्याच्या पायांचा क्रम कंपनीच्या माहितीपत्रकात पाहिल्याशिवाय तो बसवू नये.

दुसरी गोष्ट. पाण्यातली तारांची टोके काही दिवसांनी हिरवी-काळी पडतील, कारण एकाच दिशेने वाहणारी वीज धातू खाते. बाजारात दोन पायांची स्वस्त ओलावा-कांडी मिळते, तिचेही हेच होते. शिवाय खत दिले की मातीतले क्षार वाढतात आणि ओलावा तेवढाच असून आकडा बदलतो. ज्याने पेल्याचा धडा केला, तो अशी कांडी विकणाऱ्याला नेमका प्रश्न विचारील. ज्याने केला नाही, तो पैसे मोजून मोकळा होईल.

हा दिवा काढून तिथे मोटार लावायचा मोह होईल. तसे करू नये. बीसी५४७ ची झेप १०० मिलिअँपिअरपर्यंत. स्टार्टरला जोडणी करणे हे परवानाधारक वायरमनचे काम.

कोणाचे पाहावे, कोणाचे नाही

मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प आपल्यासारख्यांच्या उपयोगाचा आहे. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला. धडे छोटे, दहा मिनिटांच्या आसपासचे, फुकट, आणि कित्येक विषयांचे निवेदन मराठीतही आहे. आर्डुइनोवर त्यांची एक मालिका आहे. त्यांची शिकवण्याची रीत घेण्यासारखी आहे. पडद्याच्या एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला आपले काम. थोडे पाहा, थांबवा, करा, जुळले तरच पुढे जा. आम्ही वर मोजून शिका म्हटले ते याहून वेगळे नाही. पुढे ज्याला खोलात शिरायचे आहे आणि इंग्रजी समजते, त्याने आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरची व्याख्याने पाहावीत. पण ती पहिल्या महिन्यात नकोत.

टाळायचे काय? लोहचुंबक फिरवून फुकट वीज काढणारे टाळावेत. पाण्याशिवाय पाट वाहत नाही, तशी कशाच्या तरी मोलाशिवाय वीज निघत नाही. अशा चित्रफितीत बॅटरी टेबलाखाली असते. प्लगला लावून घरचे वीजबिल निम्मे करणारी पेटीही तशीच. तिच्यात बहुधा एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. पंपाला कपॅसिटर लावल्याने तारेतला प्रवाह घटतो, डीपीवरचा भार हलका होतो, हे खरे. पण घरचे बिल वापरलेल्या युनिटांवर येते, आणि त्या पेटीने पंखा काही कमी वीज खात नाही. पी हळद आणि हो गोरी, असले काही या विद्येत नाही.

धडा तिसरा : घरचा वजनकाटा

पहिले दोन धडे पक्के झाल्यावर, साधारण महिन्या-दीड महिन्याने हा धडा घ्यावा. नवे सामान तीन : आर्डुइनो उनो नावाचा छोटा संगणकी फलक, ५ किलोचा लोडसेल आणि एचएक्स७११ नावाची पट्टी. आर्डुइनो इटलीतल्या इव्रिया गावी २००५ साली जन्मला, आणि तोही मुळात विद्यार्थ्यांना शिकायला सोपे जावे म्हणून. तो चालवण्याच्या सूचना संगणकावर लिहाव्या लागतात. स्वतःचा नसेल तर शाळेचा किंवा मित्राचा चालेल.

लोडसेल म्हणजे धातूची एक जाड पट्टी. तिच्यावर नागमोडी आखलेले पातळ पत्रे चिकटवलेले असतात. वजन ठेवले की पट्टी डोळ्याला दिसणार नाही इतकी वाकते, पत्रे ताणले जातात आणि त्यांचा ओहम किंचित बदलतो. पहिल्या धड्यात ४७० च्या जागी १ किलोओहम लावल्यावर आकडे बदलले होते, तोच हा प्रकार, फक्त फार बारीक. सगळा बदल काही मिलिव्होल्टचा. एचएक्स७११ तो मोठा करून मोजते आणि आर्डुइनोला आकडा देते.

तो आकडा ग्रॅम नसतो. समजा, रिकाम्या पाटीवर १,२०,००० दिसले. किराणा दुकानातले शिक्क्याचे १ किलोचे माप ठेवल्यावर ५,४०,००० झाले. फरक ४,२०,०००. म्हणजे दर ग्रॅमला ४२०. हा ४२० आपण सूचनांमध्ये लिहून ठेवायचा. मग यंत्र प्रत्येक फरकाला ४२० ने भागून वजन दाखवील. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात.

आता मुद्दाम एक करून पाहा. ४२० च्या जागी ४३० लिहा. माप तेच, पाटी तीच, पण पडद्यावर १००० ऐवजी ९७७ ग्रॅम! तार हलवली नाही, माप बदलले नाही, आत एक आकडा बदलला एवढेच. याच हिशेबाने १० टन मालाचे ९,७६७ किलो दिसतील. सव्वादोनशे किलोंहून जास्त फरक, आणि डोळ्यांना काही दिसणार नाही.

सभासदांनी हे स्वतःच्या हाताने एकदा तरी करून पाहावे, असे आम्हाला मनापासून वाटते. कारखान्याचा मोठा काटा याच तत्त्वावर चालतो. फलाटाखाली मोठे लोडसेल असतात आणि आत असाच एक आकडा असतो. म्हणून तर कायद्याने अशा काट्याची दरवर्षी वैधमापन खात्याकडून तपासणी व्हावी लागते आणि त्याला सील लागते. कोणावर संशय घ्यायला हे सांगत नाही. काट्याचे काम समजले की प्रश्न नेमके विचारता येतात. गाडी चढण्यापूर्वी पडद्यावर शून्य आहे का? सगळी चाके फलाटावर आहेत का? भरल्या गाडीचे आणि रिकाम्या गाडीचे वजन पावतीवर वेगवेगळे आले आहे का? शेवटच्या तपासणीची तारीख कोणती? माहीत असलेल्या माणसाचा प्रश्न सभासदालाही बरा आणि काट्यावर बसणाऱ्यालाही बरा. नाहीतर चावडीवर नुसती कुजबुज होते, आणि कुजबुजीने कोणाचे वजन वाढत नाही.

पाबळचा दाखला

हाताने करून शिकणे शहरातच जमते, असे कोणी म्हणेल. त्याला पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातले पाबळ दाखवावे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरमधले शास्त्रज्ञ. त्यांनी ती नोकरी सोडली आणि १९८३ साली या दुष्काळी भागातल्या गावी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली मुले तिथे सुतारकाम, वेल्डिंग, वीज, शेती असे सगळे हातांनी करत शिकतात. पुढे २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या साह्याने तिथे फॅब लॅब झाली. इलेक्ट्रॉनिक जोडण्या करण्यापासून यंत्राने भाग कापण्यापर्यंतची सोय असलेली ही कार्यशाळा. एमआयटीबाहेर जगात ज्या अगदी पहिल्या अशा कार्यशाळा झाल्या, त्यांत आपले पाबळ आहे. पाण्याची टंचाई असलेल्या गावात हे होते, तर आपण बागायतदारांनी मागे का राहावे?

शेवटी कामाचे

आठवड्याचा बेत असा ठेवावा. पहिले दोन आठवडे धडा पहिला, रेझिस्टर बदलून बदलून. तिसरा ते पाचवा आठवडा धडा दुसरा. सहाव्यापासून आर्डुइनोचे छोटे धडे आणि मग वजनकाटा. एका वेळी एकच मालिका पाहावी, ती संपेपर्यंत दुसरी उघडू नये. अडल्यास कोणाला विचारताना नुसते "चालत नाही" म्हणू नये. जोडणीचा फोटो, भागांचे क्रमांक आणि कुठे किती व्होल्ट आले ते आकडे द्यावेत. पुष्कळदा हे लिहिता लिहिताच चूक सापडते.

घरात मुलगा-मुलगी दोघेही असतील तर दोघांनाही एकत्र बसवावे. शीळफाट्याला खोलीवर चौघे राहत असतील तर सामान वाटून घ्यावे, वह्या मात्र चार असाव्यात. वडीलधाऱ्यांनी एवढेच करावे, फोन घेऊन बसलेल्या मुलाला रागे भरण्यापूर्वी त्याला म्हणावे, "बाळा, आज काय मोजलंस, जरा वही दाव बघू."